कारकुनाकडून शिकायला फी का भरावी?

डिचोलीहून एका वाचक मुलीचे पत्र आले आहे. पत्र लांब आहे, मुद्द्यापुरते देते.

"मी बी.ए. करून इथल्या एका पतसंस्थेत काम करते. पणजीतल्या एका कॉलेजने पदवीधरांसाठी वर्षभराचा पॅरालीगल डिप्लोमा सुरू केला आहे. वर्ग संध्याकाळी, फी माझ्या जवळजवळ चार पगारांची. माहितीपत्रकात शिकवणाऱ्यांची नावे आहेत. सगळ्यात वर मानद संचालक म्हणून एक निवृत्त जिल्हा न्यायाधीश, मग दोन वकील, एलएलएम आणि नेट झालेल्या एक प्राध्यापिका, एक निवृत्त सब-रजिस्ट्रार, मुंबईहून ऑनलाइन शिकवणारे एक कॉर्पोरेट ट्रेनर, आणि शेवटी 'वकिली कार्यालयात तीस वर्षांचा अनुभव' असलेले एक गृहस्थ. चौकशी केली तेव्हा कळले की ते म्हापशातल्या एका वकिलाकडे कारकून होते. बाबा म्हणतात, न्यायाधीश शिकवणार असतील तर ठीक, कारकुनाकडून शिकायला फी कशाला भरायची? टोरांटोची मावसबहीण म्हणते, तिकडे पॅरालीगलना लायसन्स मिळते, डोळे झाकून कर. ही यादी चांगली की वाईट, आणि ते ओळखायचे कसे?"

तुमचे बाबा ज्या नावावर अडले, त्याच नावापासून मी यादी वाचायला सुरुवात केली असती.

आधी हे काम नेमके कसले ते बघू, मग कोणी शिकवावे ते आपोआप कळेल. आपल्याकडे पॅरालीगल म्हणून कुठलीही सनद नाही. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टप्रमाणे वकिली फक्त वकिलालाच करता येते. तुम्ही डिप्लोमा करून बाहेर पडलात तरी तुमच्या नावाने वकालतनामा लागणार नाही आणि तुम्हाला कुणाची बाजू मांडता येणार नाही. तुम्ही काम कराल ते वकिलाच्या ऑफिसात, बँकेच्या किंवा कंपनीच्या कायदा विभागात, नाहीतर बिल्डरकडे. फाईल लावणे, उतारे आणणे, टायटलचे कागद सनावळीने जुळवणे, तारखा सांभाळणे, मसुदा टाइप करताना नाव, सर्व्हे क्रमांक, क्षेत्रफळ चुकू न देणे, सर्टिफाइड कॉपी काढणे, ई-फायलिंग करणे, असे ते काम. सनद नाही म्हणून शिकवणाऱ्यालाही ठरलेली अट नाही. एलएलबी शिकवायचे तर बार कौन्सिलचे २००८ चे लीगल एज्युकेशन रूल्स आहेत, यूजीसीची पात्रता आहे. ती कडक चाळणी वकिलीच्या पदवीसाठी. डिप्लोमाच्या बाबतीत चाळणी तुम्हालाच लावावी लागणार, आणि तुम्ही विचारताय हे बरे केलेत.

आता कारकून. तीस वर्षे दिवाणी वकिलाकडे काढलेल्या माणसाला काय माहीत असते, हे ज्याने वकिलाचे ऑफिस आतून पाहिलेले नाही त्याला सांगून पटत नाही. पुस्तकात असते की निकालाविरुद्ध अपील अमुक दिवसांत करावे. लिमिटेशन अ‍ॅक्टच्या बाराव्या कलमात हेही असते की निकालाचा दिवस धरायचा नाही आणि नक्कल मिळवायला लागलेला वेळ वगळायचा. पण वगळायचा म्हणजे कुठून कुठपर्यंत? नकलेच्या पाठीमागच्या शिक्क्यावर अर्ज केल्याची तारीख असते, नक्कल तयार झाल्याची असते आणि हातात दिल्याची असते. नक्कल तयार होऊन कोर्टात पडून राहिली आणि तुम्ही आठ दिवसांनी आणायला गेलात, तर ते आठ दिवस तुमच्या खात्यावर. चांगला कारकून नक्कल हातात घेतो तेव्हा पहिल्यांदा तो शिक्काच उलटून बघतो. माझ्या वकिलीच्या सुरुवातीच्या काळात हे मला कुठल्या प्राध्यापकांनी दाखवले नव्हते. ऑफिसातल्या कारकुनांनीच दाखवले, तेही जरा तुसडेपणाने.

तसेच ऑफिस ऑब्जेक्शनचे. दावा दाखल करायला जाता आणि पान क्रमांक नाहीत, अनुक्रमणिकेत चूक आहे, कोर्ट फी कमी लागली आहे, अ‍ॅफिडेव्हिटवरची तारीख दाव्यावरच्या तारखेशी जुळत नाही, म्हणून कागद परत येतो. वकिलाला कायदा येत असतो, पण कागद परत येण्याची ही कारणे त्याच्या कारकुनाला तोंडपाठ असतात. प्रतिवादीला कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायला ३० दिवस, कोर्टाने वाढवले तर ९० पर्यंत. कॅव्हेट, म्हणजे 'आमचे ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका' असा अर्ज, लावले की ते ९० दिवस जिवंत. दस्तऐवज सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदणीला न्यायचा. या तारखांची वही कशी ठेवायची, कुठली तारीख लाल पेनाने लिहायची, समन्स बजावले गेले की नाही हे बेलिफाला कधी विचारायचे, रोजनाम्यात काय लिहिले गेले ते त्याच दिवशी का बघायचे, हे दुसरा कोण शिकवणार? तुमच्या पतसंस्थेत चेक बाउन्सची प्रकरणे असतीलच. बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांची मुदत, ती संपल्यावर एका महिन्याच्या आत तक्रार. हे तीन टप्पे कागदावर सोपे दिसतात. नोटिशीची पोचपावती परत आली नाही किंवा पाकीट 'घर बंद' म्हणून परत आले की काय करायचे, तिथे अनुभव लागतो.

मात्र कारकून आहेत म्हणून लगेच पैसे भरा असेही मी म्हणणार नाही. त्यांना दोन गोष्टी विचाराव्या लागतील. पहिली म्हणजे ऑफिस कधी सोडले. ई-फायलिंग रुळण्याआधी जे घरी बसले, त्यांचे निम्मे ज्ञान आज कपाटातच राहणार. आज केस शोधायची तर प्रत्येक केसला मिळणारा सोळा अक्षरी सीएनआर नंबर टाकून ई-कोर्ट्सच्या साइटवर बघतात, बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, तोही फोनवर येतो. दुसरी गोष्ट अवघड आहे. जुन्या कारकुनांना 'कसे' हे फार छान येते, 'का' विचारले की 'साहेब असेच करतात' असे उत्तर मिळते. आणि काही जणांकडून नको त्या सवयीही हाताला लागतात. पक्षकाराने पायरीवर गाठून "माझी केस काय होईल?" असे विचारले की पटकन मत देऊन टाकणे, ही त्यातली सर्वांत धोकादायक. सनद नसताना वकिली केली तर अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम ४५ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पक्षकार गोळा करून वकिलाकडे नेणाऱ्या दलालांसाठी २०२३ च्या दुरुस्तीने कलम ४५-अ आले आहे, त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. मामलेदार कचेरीच्या आवारात घुटमळणारे 'एजंट' तुम्ही पाहिले असतील. पॅरालीगल आणि एजंट यांच्यातली रेषा वर्गात पहिल्या महिन्यातच कुणीतरी नीट आखून द्यायला हवी, आणि ते काम वकिलाचे किंवा न्यायाधीशांचे.

निवृत्त सब-रजिस्ट्रार यादीत आहेत हे वाचून मला आनंद झाला. गोव्याबाहेर हा मुद्दा दुय्यम ठरला असता, इथे तो मुख्य आहे. आपल्याकडे जमीन, लग्न आणि वारसा या तीन गोष्टी एकमेकींत अशा गुंतलेल्या आहेत की मुंबईचे पाठ्यपुस्तक उघडून उपयोग नाही. पोर्तुगीजांचा १८६७ चा सिव्हिल कोड १८७० पासून इथे लागू झाला आणि मुक्तीनंतरही चालू राहिला. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक. म्हणून खरेदीखतात विकणाऱ्या प्रत्येक भावाच्या नावापुढे त्याच्या बायकोचे नाव आणि सही लागते. ती राहिली तर दहा वर्षांनी कुणीतरी कोर्टात जाते. वारस असताना मृत्युपत्राने सगळी मालमत्ता वाटेल त्याला देता येत नाही, निम्म्यावर वारसांचा हक्क राहतो. वारसाहक्क, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी (वारसांत मालमत्ता वाटून देण्याची कोर्टातली प्रक्रिया) या सगळ्यांसाठी आता २०१२ चा गोव्याचा स्वतंत्र कायदा आहे, तो अमलात आला डिसेंबर २०१६ मध्ये. सिव्हिल रजिस्ट्रार-कम-सब-रजिस्ट्रारच विशेष नोटरी म्हणून काम करतो. वारस कोण कोण ते नोंदवणारा दस्त, डीड ऑफ सक्सेशन, त्याच्यासमोर होतो. लग्नाच्या नोंदणीची पहिली सही आणि दुसरी सहीही त्याच्याच ऑफिसात.

म्हणजे त्या एका टेबलावर ज्याने उमेदीची वर्षे घालवली, त्याने गोव्यातल्या कुटुंबांचे बहुतेक सगळे कागद हाताळलेले असतात. कुठल्या दस्तात वारसांची यादी अपुरी निघते, पोर्तुगीज काळातल्या लँड रजिस्ट्रेशनची नोंद कशी वाचायची, फॉर्म १ आणि १४ वर, म्हणजे इथल्या सातबारासारख्या उताऱ्यावर, नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली असे का नाही, बँकेला हवे असलेले निल एन्कम्ब्रन्स, म्हणजे मालमत्तेवर बोजा नसल्याचे, सर्टिफिकेट कसे मागायचे, हे त्यांना उदाहरणांसकट सांगता आले पाहिजे. त्यांनाही विचारायचे की निवृत्ती कधी झाली. २०१६ च्या आधी असेल तर नव्या कायद्यावर काम केलेले दुसरे कुणी आहे का, हा पुढचा प्रश्न. तुम्ही डिचोलीच्या. तुमच्या भागात मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारे) आणि कुळांची प्रकरणे, कोमुनिदादच्या म्हणजे गावच्या सामाईक संस्थेच्या जमिनी, पलीकडे सत्तरीत पोर्तुगीज काळात दिलेल्या अल्वारा जमिनी, असे सगळे आहे. उद्या वाळपईच्या किंवा डिचोलीच्या वकिलाने तुम्हाला ठेवले तर पहिल्याच आठवड्यात तो १९७५ च्या मुंडकार कायद्याखालची फाईल तुमच्यापुढे टाकेल आणि मामलेदाराकडे पाठवेल. अभ्यासक्रमात मामलेदार कचेरी येते का, ते बघा. बऱ्याच अभ्यासक्रमांत सर्वोच्च न्यायालयाची रचना चार तास शिकवतात आणि मामलेदारांचा उल्लेखही नसतो.

वकिलांबद्दल. दोन आहेत म्हणता, पण कुठले हे माहितीपत्रकात नाही. पर्वरीला हायकोर्टात रिट लढवणारा वकील आणि डिचोलीच्या किंवा म्हापशाच्या दिवाणी न्यायालयात पुरावा घेणारा वकील यांचे रोजचे काम वेगळे. तुमच्या उपयोगाचा जास्त दुसरा. हायकोर्टाचा वकील भारी वाटतो, नाव छापायलाही बरा दिसतो, पण तुम्हाला आधी दावा, कैफियत, अ‍ॅफिडेव्हिट, साक्षीदारांची यादी, दस्तऐवजांची यादी हे हवे आहे.

त्यांची खात्री करणे सोपे आहे, आणि त्यात कुणाचा अपमान नाही. गोव्यातले वकील महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदलेले असतात. नोंदणी क्रमांक 'एमएएच', मग आकडा, मग वर्ष असा असतो, त्यामुळे सनद कधी मिळाली हे त्या क्रमांकावरूनच कळते. 'पंचवीस वर्षांचा अनुभव' छापलेला असेल आणि क्रमांकातले साल कालपरवाचे असेल, तर विचारायला हरकत नाही. ई-कोर्ट्सवर वकिलाच्या नावानेही केस शोधता येतात. एखाद्याच्या नावावर जिल्हा न्यायालयात एकही चालू प्रकरण दिसत नसेल तर तो फक्त सल्ल्याचे किंवा दस्तांचे काम करत असेल, तेही चालते, पण मग त्याने दावा कसा दाखल करायचा हे शिकवू नये.

एक नियम इथे माहीत असलेला बरा. १९७९ च्या नियमांप्रमाणे वकिली करणाऱ्याला कायदा शिकवता येतो, पण दिवसाला तीन तासांपर्यंतच. त्याहून जास्त, पूर्णवेळ पगारी नोकरी धरली तर वकिली बंद ठेवावी लागते. याचा अर्थ तुमच्या यादीत दोन जातीचे शिक्षक असणार हे ठरलेलेच आहे. कोर्टातून येऊन शिकवणारे आणि कॉलेजात बसून शिकवणारे. पहिल्यांचा वर्ग संध्याकाळी साडेपाचनंतर ठेवलेला असेल तर कॉलेजला त्यांचे वेळापत्रक समजते असे धरा. दुपारी तीनला ठेवला असेल तर निम्मे तास "सर कोर्टात अडकलेत" असेच जाणार. तुमचा वर्ग संध्याकाळी आहे, ही जमेची बाजू. फक्त वर्ग सुटायची वेळ आणि डिचोलीची बस यांचा मेळ बसतो का ते बघा, पणजीच्या स्टँडवर रात्री उभे राहायची वेळ येऊ नये.

एलएलएम, नेट झालेल्या प्राध्यापिकांबद्दल लोक नाक मुरडतात की यांनी कधी फाईल लावलेली नाही. लावलेली नसेल. वर सांगितलेल्या नियमामुळे पूर्णवेळ शिकवणाऱ्यांना ती लावताच येत नाही, यात त्यांचा दोष नाही. पण कायदा वाचायचा कसा, व्याख्या आधी का बघायची, परंतुक (कलमातला 'परंतु'ने सुरू होणारा अपवाद) आणि स्पष्टीकरण यांत फरक काय, निकाल शोधायचा कसा आणि त्यातले नेमके कुठले वाक्य कामाचे, हे तेच शिकवू शकतात. कारकुनांच्या 'कसे'ला लागणारे 'का' त्यांच्याकडे असते. त्यांना जोखायचा माझा एक साधा प्रश्न आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया आणि पुराव्याचे कायदेही बदलले. फसवणुकीचे ४२० आता ३१८ च्या चौथ्या उपकलमात गेले. व्हॉट्सअ‍ॅपचा संदेश किंवा सीसीटीव्ही पुराव्यात द्यायचा तर पूर्वीच्या ६५-ब ऐवजी नव्या पुरावा कायद्याच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. त्यांच्या नोट्समध्ये हे आहे का? मागच्या तुकडीतल्या कुणाकडून नोट्स बघायला मिळाल्या तर पाच मिनिटांत कळेल. जुनी कलमे शिकवणे चूक नाही, जुनी प्रकरणे अजून वर्षानुवर्षे चालणार. पण फक्त जुनीच असतील तर नोट्स कुणाच्या तरी वारशाने आलेल्या आहेत असे समजा.

राहिले न्यायाधीश, ज्यांच्यासाठी बाबा फी भरायला तयार आहेत. मानद संचालक म्हणजे काय, हे कॉलेजला स्पष्ट विचारा. वर्षभरात ते किती तास वर्गात असतील? उत्तर 'उद्घाटन आणि समारोप' असे आले तर ते नाव तुमच्या हिशेबातून वजा करा. ते खरेच दहाबारा तास शिकवणार असतील तर मात्र ते तास चुकवू नका. न्यायाधीशाच्या टेबलावर फाईल पूर्ण होऊन येते. ती वाचताना कुठे अडते, दस्तऐवज क्रमाने नसले की त्याचा वेळ आणि मूड दोन्ही कसे जातात, साक्षीत आणि अ‍ॅफिडेव्हिटमध्ये तफावत कशी दिसते, हे तिकडच्या बाजूने बघितलेला माणूसच सांगू शकतो. पण फाईल तयार कशी करायची हे त्यांना विचारू नका. बहुतेकांनी ती शेवटची केली असेल ती वकील असताना.

मुंबईच्या ट्रेनरवर मी फार शाई घालवत नाही. कंपन्यांचे करार, गोपनीयतेचे करार, कंपनीच्या कायदा विभागात ईमेल कसा लिहायचा, यासाठी ठीक. त्यांना एवढेच विचारा की गोव्याचा माणूस मेला आणि त्याचा एक फ्लॅट पुण्यात आहे, तर त्या फ्लॅटला कुठला वारसा कायदा लागेल? जुझे पावलो कुतिन्यो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले आहे की गोव्याच्या रहिवाशाच्या गोव्याबाहेरच्या मालमत्तेलाही पोर्तुगीज सिव्हिल कोडच लागू. त्यांनी हिंदू सक्सेशन अ‍ॅक्ट सुरू केला, तर वारशाचे तास त्यांच्याकडे नाहीत ना, एवढी खात्री करून घ्या.

यादीत मला एक माणूस दिसला नाही, आणि त्याची उणीव मला न्यायाधीशांच्या नावापेक्षा मोठी वाटते. आज, आत्ता, पॅरालीगल म्हणून किंवा लीगल असिस्टंट म्हणून पगार घेणारे कुणीही त्यात नाही. बँकेत गृहकर्जाची टायटल तपासणारी मुलगी, बिल्डरकडे दस्त सांभाळणारा मुलगा, कुणीतरी. निवृत्तांचा भरणा जास्त झाला की वर्गात गोष्टी छान ऐकायला मिळतात, पण नोकरी देणाऱ्याला काय हवे आहे हे कळत नाही. अमेरिकेतल्या अमेरिकन बार असोसिएशनने १९७५ पासून पॅरालीगल अभ्यासक्रमांना मान्यता द्यायला सुरुवात केली. त्यांची एक अट मला फार आवडते. कॉलेजला एक सल्लागार समिती ठेवावी लागते, आणि त्या समितीत वकिलांबरोबर काम करणारे पॅरालीगलही लागतात. आपल्या कॉलेजला तसे बंधन नाही, पण "तुमचा अभ्यासक्रम कुणाला विचारून ठरवला?" हा प्रश्न तुम्ही विचारू शकता.

मावसबहिणीचे म्हणणे खरे आहे, पण ते तिथल्यापुरते. ऑन्टारिओत २००७ पासून पॅरालीगलना तिथली लॉ सोसायटी लायसन्स देते. लहान दाव्यांचे कोर्ट, वाहतुकीचे गुन्हे, काही न्यायाधिकरणे, असे मर्यादित काम त्यांना स्वतः करता येते. पण त्यासाठी तिथल्याच मान्यताप्राप्त कॉलेजातून शिकावे लागते, प्रत्यक्ष काम करावे लागते आणि परीक्षा द्यावी लागते. पणजीचा डिप्लोमा दाखवून ते लायसन्स मिळणार नाही. कॅनडाला जायचा विचार असेल तर हे चार पगार तिकडच्या फीसाठी ठेवा. इथेच राहायचे असेल तर टोरांटोचे उदाहरण सोडून द्या.

आणखी एक घोळ माहितीपत्रकांत हमखास होतो. पॅरालीगल व्हॉलंटियर, म्हणजे पीएलव्ही, ही वेगळीच गोष्ट आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या (नाल्सा) २००९ च्या योजनेप्रमाणे, प्राधिकरण स्वतः लोकांना निवडून प्रशिक्षण देते. गरिबांना कायदेशीर मदतीपर्यंत पोचवणे हे काम, त्याबद्दल मानधन मिळते, पगार नाही. त्या प्रशिक्षणाला फी नसते. 'डिप्लोमानंतर पीएलव्ही होण्याची संधी' असे कुणी सांगितले तर त्यासाठी डिप्लोमा लागत नाही हे लक्षात ठेवा. उलट मी म्हणेन, आधी उत्तर गोवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा आणि जमले तर काही महिने ते काम करून बघा. या कागदांत तुमचे मन रमते का ते फुकटात कळेल. घरबसल्या करायचे तर इग्नूचाही पॅरालीगल प्रॅक्टिसचा डिप्लोमा आहे, बारावीनंतर घेता येतो. त्यात पुस्तके चांगली मिळतात, पण ऑब्जेक्शन निघालेली फाईल पोस्टाने येत नाही.

आता कॉलेजात जा आणि बाबांना बरोबर न्या. शिकवणाऱ्यांची नावे नकोत, प्रत्येकाच्या नावापुढे तासांचा आकडा मागा. तो लेखी मिळत नसेल तर तिथेच थांबा. मिळाला तर बेरीज करा. कारकून, सब-रजिस्ट्रार आणि दिवाणी वकील या तिघांचे मिळून निम्मे तास भरत असतील, प्राध्यापिकांकडे चांगला वाटा असेल आणि उरलेल्यात न्यायाधीश व ट्रेनर असतील, तर माझ्या मते फी वसूल होईल. निम्मे तास ऑनलाइन ट्रेनरचे निघाले, आणि कारकुनांना 'अतिथी व्याख्यान' म्हणून एक शनिवार दिलेला दिसला, तर ते पैसे ठेवा. डिचोलीतल्याच एखाद्या दिवाणी वकिलाकडे सुट्टीच्या दिवशी बसायची परवानगी मागा. पगार मिळणार नाही, पण शिकायला मिळेल, आणि तुमचा पतसंस्थेतला वसुलीचा अनुभव त्यांच्याही कामाचा आहे.

प्रमाणपत्र कोण देणार हेही त्याच फेरीत विचारून घ्या. गोवा विद्यापीठाच्या मान्यतेचा अभ्यासक्रम असेल तर विद्यापीठाचे पत्र दाखवायला सांगा. कॉलेज स्वतःच्या नावाने देणार असेल तर ते चालत नाही असे नाही, मात्र सरकारी जाहिरातीत ते कितपत धरतील हे सांगता येत नाही. कॉलेज अनुदानित असेल आणि तोंडी उत्तरे गुळमुळीत मिळाली तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर देणे त्यांना बंधनकारक आहे. प्रवेशाची मुदत त्याआधी संपत असेल तर घाईने भरू नका, पुढच्या वर्षीही तुकडी निघेल. निघाली नाही तर तेही एक उत्तरच.

बाबांना त्या कारकून गृहस्थांशी दहा मिनिटे बोलू द्या. घरच्या जमिनीचा एखादा जुना कागद बरोबर ठेवा आणि त्यात काय कमी आहे ते विचारा. त्यांनी नुसता बघून वारसांत कुणाचे नाव राहिले आहे ते दाखवले, तर बाबांचा प्रश्न सुटला. त्यांनी कागद न वाचताच "होऊन जाईल, माझी ओळख आहे" असे म्हटले, तर बाबा बरोबर होते. फी भरायची ठरलीच तर हप्त्यांत भरा, आणि प्रत्येक पावतीवर कोर्सचे पूर्ण नाव लिहून घ्या.